‘असला’ अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक बाई आणि जपानला निघालेल्या आपल्या मुली

जपानी भाषेच्या क्लासचे फ्लेक्स आता तालुक्याच्या स्टँडपर्यंत आलेत. पुण्यात ही भाषा शिकणं नवीन नाही. तिथं दोन-तीन पिढ्या शिकल्या, कुणी ट्रान्सलेटर झालं, कुणी कंपनीत चिकटलं. पण आमच्याकडच्या फ्लेक्सवर दिसतो तो शब्द वेगळा आहे. ‘केअरगिव्हर’. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवणं, बसवणं, भरवणं, आंघोळ घालणं, डायपर बदलणं. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान सरकारांत कामगार पाठवण्याचा करार झाला, त्यात हे काम येतं. भाषेची परीक्षा, कामाची परीक्षा, मग व्हिसा. सुरुवातीच्या प्रकारच्या व्हिसावर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं आणि घरच्यांना सोबत नेता येत नाही. ही शेवटची ओळ फ्लेक्सवर नसते.

चांगली संधी आहे, पोरींनी जावं, माझा अजिबात विरोध नाही. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही. एवढा श्रीमंत देश, एवढी शिस्त, एवढी यंत्रं. त्यांना स्वतःच्या आई-बापाची आंघोळ घालायला माणूस का मिळत नाही?

‘तिथं म्हातारे फार झालेत’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. खरंही आहे, दर दहा माणसांत जवळपास तिघं पासष्टीच्या पुढचे. पण हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं शोधण्यात एका प्राध्यापक बाईंचं आयुष्य गेलं. त्यांच्याबद्दल आज लिहायचंय. नाव चिझुको उएनो. टोकियो विद्यापीठात समाजशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. विषय कोणता? बाई, तिचं काम, तिचं शरीर. आपल्याकडे हे ऐकून लोक गालात हसतात आणि म्हणतात, ‘असल्या विषयात कसली पीएचडी?’ जपानमध्येही हसले. म्हणूनच गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोस्ट लांबलचक आहे, वेळ असेल तर वाचा.

उएनोबाईंचा जन्म १९४८ चा, तोयामा प्रांतातला. वडील डॉक्टर. क्योतो विद्यापीठात शिकल्या तो काळ विद्यार्थी आंदोलनांचा. मोर्चे, बॅरिकेड, क्रांतीच्या घोषणा, सगळं होतं. पण बॅरिकेडच्या मागे भाताचे गोळे कोण वळत होतं? मुली. जग बदलायला निघालेल्या पोरांना जेवण मात्र मुलींनीच आणून द्यायचं. या अनुभवातून गेलेल्या त्या पिढीतल्या अनेक जणींचं डोकं तिथंच फिरलं आणि १९७० च्या सुमारास जपानमध्ये स्त्रियांची स्वतंत्र चळवळ उभी राहिली. (आपल्याकडच्या कुठल्याही पक्षाच्या मेळाव्यात चहाच्या ट्रेपाशी कोण उभं असतं, ते आठवून बघा. मी वीस वर्षं मेळावे कव्हर करतोय.)

बाईंची सुरुवात काही मोठ्या विद्यापीठात झाली नाही. मुलींच्या एका छोट्या कॉलेजात शिकवत होत्या. १९८२ साली त्यांचं पुस्तक आलं ते जाहिरातींतल्या बायकांवर. जाहिरातीत बाई कशी उभी राहते, मान कुठं झुकवते, बोट ओठाला का लावते, पुरुष तिच्यापेक्षा उंच का दाखवतात, याची बारकाईनं फोड केलेली. पुस्तकाचं नाव इतकं सवंग की बुकस्टॉलवर लोकांनी भलत्याच अपेक्षेनं उचललं असणार. १९८९ मध्ये तर त्यांनी चक्क अंतर्वस्त्रांवर पुस्तक लिहिलं. कपड्याच्या त्या एवढ्याशा तुकड्यात बाईला काय वाटतं, पुरुषाला काय वाटतं आणि दुकानदार काय विकतो, असा सगळा हिशेब. तेही तडाखेबंद खपलं.

पण गंमत बघा. ज्या १९८२ साली ते जाहिरातींचं पुस्तक आलं, त्याच वर्षी याच बाईंनी आणखी एक काम केलं. १९५५ पासून जपानी मासिकांतून ‘गृहिणी’ या विषयावर वाद गाजत होते. बाईनं घरी राहावं की कामाला जावं, घरकामाला किंमत आहे की नाही, असले. ते सगळे लेख त्यांनी गोळा केले, लावले, छापले. पुढं १९९० मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ आला, ‘पितृसत्ता आणि भांडवलशाही’ या विषयावर. त्यातला मुद्दा गावच्या भाषेत सांगायचा तर असा, की कारखान्यात माणूस बारा तास राबतो तेव्हा त्याचा डबा, कपडे, पोरं, म्हातारे हे सगळं कुणीतरी फुकट सांभाळत असतं. कारखान्याच्या हिशेबात तो खर्च कुठंच दिसत नाही. जपानचा जो चमत्कार आपण शाळेत शिकलो, युद्धानंतर राखेतून उठलेला देश वगैरे, त्या चमत्काराच्या खतावणीत हे एक पान कोरंच ठेवलं होतं.

आणि त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नवरा नोकरीवर, बायको घरात, दोन मुलं, हे जपानचं ‘परंपरागत’ कुटुंब मुळी परंपरागत नाहीच. शेतकऱ्याच्या घरातली बाई शेतात राबत होती, दुकानदाराची बायको गल्ल्यावर बसत होती. पगारदार नवरा आणि पूर्णवेळ गृहिणी ही गोष्ट सर्रास झाली ती युद्धानंतरच्या भरभराटीत. म्हणजे आजीच्या काळात नव्हती ती पद्धत आईच्या काळात आली, आणि मुलीच्या काळात तिला ‘आपली संस्कृती’ म्हणायला लागले. कुटुंबावरच्या या लेखनासाठी त्यांना १९९४ मध्ये सनतोरी पुरस्कार मिळाला. त्याआधी १९९३ मध्ये टोकियो विद्यापीठानं त्यांना बोलावून घेतलं होतं.

आता १९८५ या एका वर्षाकडे या. उएनोबाई पुन्हा पुन्हा या वर्षावर बोट ठेवतात. त्या वर्षी जपानच्या संसदेत नोकरीत समान संधीचा कायदा झाला. टाळ्या वाजल्या. पण भरती आणि बढतीत भेदभाव करू नका, हे त्यात बंधन नव्हतं, ‘प्रयत्न करा’ एवढंच म्हटलं होतं. कंपन्यांनी काय केलं? नोकरीच्या दोन रांगा केल्या. एक बढतीची, ज्यात सांगाल तिथं बदली, रात्री किती वाजेपर्यंत काम याला मर्यादा नाही. दुसरी साध्या कामाची. कागदावर कुणीही कुठल्याही रांगेत उभं राहू शकतं. पण घरी मूल असलेली बाई पहिल्या रांगेत किती दिवस टिकेल? म्हणजे भेदभाव गेला नाही, त्याचं नाव बदललं.

त्याच वर्षी कंत्राटी एजन्सीमार्फत माणसं पुरवण्याचा कायदा झाला. आणि त्याच वर्षी पेन्शनचा कायदा बदलला, की नोकरदाराच्या बायकोनं स्वतः हप्ता भरायची गरज नाही, तरी तिला पेन्शन मिळेल. ऐकायला किती छान! पण अट अशी की तिची कमाई एका मर्यादेच्या आत हवी. ही मर्यादा पुढं वर्षाला १३ लाख येन झाली. जपानी लोक तिला ‘भिंत’ म्हणतात. वर्षअखेर आली की पार्टटाइम काम करणाऱ्या बायका कॅलेंडर बघून तास कमी करायला लागतात, कारण भिंत ओलांडली तर हातात येणारा पैसा उलट घटतो. दुकानदाराला माणूस हवा असतो, बाईला काम जमत असतं, तरी ती घरी बसते. हे बाईच्या भल्यासाठी केलं असं सरकार म्हणतं. उएनोबाई विचारतात, भलं नेमकं कुणाचं? घरचं सगळं करून वर कमी पगारात येणारी माणसं ज्यांना मिळाली, त्यांचं. आजही जपानमध्ये नोकरी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणी कायम नोकरीत नाहीत.

हे सगळं एकट्या बाईंनी शोधलं असं नाही. या विषयात काम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. ॲन अॅलिसन नावाच्या अमेरिकन संशोधक १९८१ मध्ये टोकियोतल्या एका होस्टेस क्लबमध्ये चार महिने स्वतः काम करून आल्या. ग्लास भरायचे, सिगारेट पेटवायची, साहेबांच्या फालतू विनोदांवर हसायचं. १९९४ मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्यात दिसतं काय, तर या पार्ट्यांचं बिल कंपनी भरत होती. ती मौज नव्हती, ऑफिसचाच पुढचा भाग होता. अर्थात त्यामुळे नवरा रात्री घरी नाही आणि घर पूर्ण बायकोवर. युको ओगासावारा यांनी एका मोठ्या बँकेत टेम्पररी म्हणून काम करत ऑफिसातल्या मुली बघितल्या, त्यांचं पुस्तक १९९८ चं. चहा देणाऱ्या, झेरॉक्स काढणाऱ्या या मुलींना बढती नाही. पण व्हॅलेंटाइनच्या दिवशी कोणत्या साहेबाला किती चॉकलेटं मिळाली यावरून सगळ्या ऑफिसला कळायचं की कोणता साहेब मुलींना नकोसा झालाय. आणि साहेब लोक ते चॉकलेट मोजायचे! बढती देता येत नाही तिथं लोक असा हिशेब चुकता करतात. आमच्या झेडपीत चॉकलेट नाही, पण फाईल खालच्या गठ्ठ्यात कशी जाते ते सगळ्यांना माहितीय.

उएनोबाईंचं वैशिष्ट्य असं की त्या विद्यापीठाच्या चार भिंतींत थांबल्या नाहीत. १९८७ साली ॲग्नेस चान ही हाँगकाँगहून आलेली गायिका तान्हं बाळ घेऊन टीव्ही स्टुडिओत गेली. केवढा गदारोळ झाला! कामाच्या जागी पोर आणतात का, असं म्हणत नावाजलेल्या लेखिकासुद्धा तिच्यावर तुटून पडल्या. उएनोबाईंनी १९८८ मध्ये ‘आसाही’ वृत्तपत्रात लिहून उलटा सवाल केला, की पुरुषांना मूल घेऊन कामावर यावं लागत नाही ते कुणाच्या जिवावर? एवढ्या एका प्रश्नानं वाद पार फिरवला. पत्रकार म्हणून मला अशा प्रश्नाचा हेवा वाटतो. आमच्या पेपरात ‘महिला पान’ म्हणजे अजूनही रेसिपी, रांगोळी आणि मार्चमध्ये सत्काराचे फोटो.

त्रासही झाला त्यांना. टोकियोजवळच्या कोकुबुंजी शहराच्या पालिकेनं मानवी हक्कांवरच्या व्याख्यानाला त्यांना बोलवायचं ठरवलं. टोकियोच्या प्रशासनानं खोडा घातला. कारण काय, तर बाई भाषणात ‘जेंडर-फ्री’ हा शब्द वापरण्याची शक्यता आहे! वापरला नव्हता, शक्यता होती. २००६ च्या जानेवारीत हे बाहेर आलं आणि देशभरातल्या अभ्यासकांनी निषेध केला. २०१४ मध्ये यामानाशी शहराच्या महापौरांनी त्यांचं व्याख्यान रद्द केलं, कारण वृत्तपत्रातल्या सल्ल्याच्या सदरात एका किशोरवयीन मुलाच्या लैंगिक प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर काही जणांना झोंबलं होतं. व्याख्यानाचा विषय होता म्हातारपणी घरीच शेवटपर्यंत कसं राहता येईल हा. शेवटी ओरड झाली आणि व्याख्यान ठरल्या दिवशी झालं. व्याख्यानमाला चालवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना यातलं काही नवीन वाटणार नाही. फोन कुठून येतो, ‘वक्ता बदला’ कोण म्हणतं, हे त्यांना विचारा.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे, माणूस का मिळत नाही.

जपानमध्ये म्हातारपणाची सेवा म्हणजे सुनेचं काम. त्यातही थोरल्या मुलाच्या बायकोचं. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरजच नाही. १९७२ मध्ये सावाको आरियोशी यांच्या कादंबरीत स्मृती गेलेल्या सासऱ्याला सांभाळणारी सून आली आणि ती कादंबरी देशभर वाचली गेली, कारण ते घराघरात चाललेलं होतं, फक्त बोललं जात नव्हतं. बऱ्याच वादांनंतर, एप्रिल २००० पासून तिथं सेवेचा सार्वजनिक विमा सुरू झाला. चाळिशीनंतर प्रत्येकानं हप्ता भरायचा आणि गरज पडली की घरी मदतनीस किंवा केंद्रात जागा मिळवायची. यात एक मोठी गोष्ट झाली. सेवा ही सुनेची माया किंवा देवाची कृपा न राहता हक्क झाली. उएनोबाईंचं २००७ मधलं ‘एकटीचं म्हातारपण’ या विषयावरचं पुस्तक लाखांनी खपलं ते याच जमिनीवर. लग्न केलेलं असो वा नसो, बाई बहुधा शेवटी एकटीच उरते, तर त्याची तयारी रडत का करायची, असा त्याचा सूर.

पण २०११ मध्ये, विद्यापीठातून निवृत्त झाल्या त्याच वर्षी, सेवेच्या कामावर त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यात त्या एक साधा प्रश्न विचारतात. या कामाचा पगार इतका कमी का? काम जड आहे, जोखमीचं आहे, चुकलं तर माणूस जातो. तरी पगार कमी. त्यांचं उत्तर असं, की हे काम कुठलीही बाई घरी फुकट करते, त्यात कसलं कौशल्य, असं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. घरात फुकट म्हणून बाहेर स्वस्त. आणि स्वस्त म्हणून जपानी मुलं-मुली तिकडे फिरकत नाहीत. मग माणूस बाहेरून आणा.

इथं मी बाईंशी भांडणार आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी ‘चुनिची’ वृत्तपत्रात मत मांडलं, की जपानी समाजाला परक्या लोकांसोबत बरोबरीनं राहणं जमणार नाही. तेव्हा परदेशी लोक मोठ्या संख्येनं आणण्याच्या नादी लागू नये, लोकसंख्या घटतेय तर घटू द्यावी, सगळे मिळून सारखे गरीब होऊ. तिथंच त्यांच्यावर जोरदार टीका झाली, आणि ती बरोबर होती. लाखो परदेशी माणसं तेव्हाही त्या देशात राबत होती. ज्या बाईंनी जन्मभर न दिसणारं काम दाखवून दिलं, त्यांना ही माणसं दिसू नयेत? शिवाय ‘सारखे गरीब’ म्हणताना टोकियो विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक आणि कंत्राटी सफाई कामगार सारख्या जागेवरून सुरुवात करत नाहीत. सरकारनंही त्यांचं ऐकलं नाही. एप्रिल २०१९ पासून नवा कामगार व्हिसा सुरू झाला. आमच्या स्टँडवरचा फ्लेक्स त्याच व्हिसाचा.

त्याच एप्रिलमध्ये उएनोबाईंनी टोकियो विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांसमोर स्वागताचं भाषण केलं. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, टोकियो वैद्यकीय विद्यापीठानं प्रवेश परीक्षेत मुलींचे मार्क मुद्दाम कमी केल्याचं उघड झालं होतं. मुली लग्न करून काम सोडतात, म्हणून. बाईंनी सुरुवातच तिथून केली. देशातल्या सगळ्यात मानाच्या विद्यापीठात मुली जेमतेम पाचातली एक, हेही ऐकवलं. आणि समोरच्या हुशार पोरांना म्हणाल्या, की मेहनतीचं फळ मिळतं असं तुम्हाला वाटतं ते केवळ तुमच्या मेहनतीमुळे नाही, तुमच्या आजूबाजूला तसं वातावरण होतं म्हणून. जगात मेहनत करूनही फळ न मिळणारी माणसं आहेत, आपली हुशारी त्यांना खाली दाबायला वापरू नका. प्रवेशाच्या आनंदात आलेल्या आई-बापांपुढे हे बोलायला धाडस लागतं. त्यानंतर त्यांची पुस्तकं चीनमध्ये तरुण मुलींनी डोक्यावर घेतली. २०२४ मध्ये ‘टाइम’ मासिकानं त्यांना जगातल्या शंभर प्रभावी व्यक्तींत धरलं.

२०२३ मध्ये त्यांच्यावर एक शेवटची ‘ब्रेकिंग न्यूज’ झाली. एका साप्ताहिकानं छापलं, एकटं राहण्याचा धडा देणाऱ्या बाईंनी गुपचूप लग्न केलं होतं! खरं काय होतं? इतिहासकार दाइकिची इरोकावा हे त्यांचे दीर्घकाळचे सोबती. वय ९० च्या पुढं. डोंगरातल्या त्यांच्या घरी बाईंनी त्यांची सेवा केली आणि २०२१ मध्ये ते जाण्याच्या काही तास आधी लग्नाची नोंद केली, कारण नात्यातलं माणूस नसेल तर मृत्यूनंतरचे कागद करताना जपानी कायदा दारात उभा करत नाही. लोकांनी ‘दुटप्पी’ म्हणून हिणवलं. मला तर वाटतं, त्यांनी चाळीस वर्षं जे लिहिलं त्याचा पुरावाच त्यांच्या अंगावर येऊन पडला. लग्नानंतर नवरा-बायकोला एकच आडनाव लावायची सक्ती जपानमध्ये अजून आहे, २०१५ आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली, आणि आडनाव बदलणाऱ्यांत सुमारे ९५ टक्के बायका.

कुणी म्हणेल, जपान आपल्यापुढं कितीतरी आहे, त्यांचं काय सांगता. २०२३ च्या जागतिक स्त्री-पुरुष तफावतीच्या यादीत १४६ देशांत जपान १२५ वा होता आणि आपण १२७ वे. बुलेट ट्रेन असलेला देश आणि आपण, दोघं शेजारच्या बाकावर.

‘असले’ विषय शिकवायचे कशाला, हा प्रश्न तिथल्या सरकारलाही पडतो. जून २०१५ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयानं राष्ट्रीय विद्यापीठांना पत्र पाठवून समाजशास्त्र, मानव्यविद्या असल्या विभागांची फेररचना करा, म्हणजे थोडक्यात आवरा, असं सुचवलं. आपल्याकडच्या सीनियर कॉलेजांत समाजशास्त्राच्या जागा कशा रिकाम्या पडल्यात, ते तुमच्या गावच्या कॉलेजात जाऊन बघा. पण सेवेच्या कामाचा पगार कमी का, हे यंत्र बनवणारा इंजिनिअर सांगू शकला नाही. अंतर्वस्त्रांवर पुस्तक लिहिणाऱ्या बाईंनी सांगितलं.

ज्यांच्या घरातली मुलगी (किंवा मुलगा, मुलगेही जातायत) या क्लासला जाते, त्यांच्यासाठी. फी भरण्याआधी क्लासवाल्याला एवढं विचारा: रात्रपाळ्या महिन्यात किती? एका पाळीत किती म्हाताऱ्यांमागे एक माणूस? नियमानं जपानी कामगाराएवढाच पगार द्यावा लागतो, तर त्याच केंद्रातल्या जपानी मुलीला किती मिळतो? नोकरी बदलायची झाली तर कोण मदत करणार? पाच वर्षांच्या आत तिचं लग्न ठरलं, मूल झालं, तर व्हिसाचं काय? आणि इकडे, ती गेल्यावर, तिच्या स्वतःच्या आजीला आंघोळ कोण घालणार आहे, तेही एकदा घरात बसून ठरवा. क्लासवाल्यांनी काय उत्तरं दिली ते कमेंटमध्ये टाका, गोळा करून पुढची पोस्ट करतो.